दुसऱ्यांदा घडी मोडताना : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

सकाळी कपाट पूर्ण रिकामं केलं. धुवायला टाकलेले आणि अंगावरचे धरून ७३ कपडे भरले. आतले कपडे आणि मोजे यात मोजले नाहीत. गेल्या दोन महिन्यांत खरोखर अंगावर आलेले आठवून बाजूला काढले, ते निघाले १६. बाकीचे ५७ नुसते घड्या घालून पडलेले.

तीन वर्षं घरूनच काम करते आहे. या काळात कपड्यांची गरज कमी झाली, पण खरेदी वाढली. दोन मीटिंगांच्या मधल्या पाच मिनिटांत फोनवर कपडे बघत बसायचं, हाच विसावा होऊन बसला. हे मला थांबवायचं आहे. त्याच वेळी, झोपायच्याच कपड्यांत दिवसभर खुर्चीत बसणंही नको आहे. तसं केलं की काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं, याचा काही पत्ताच लागत नाही. सकाळी आंघोळ करून नीट कपडे घातले की मन कामाला तयार होतं, हा माझा अनुभव आहे. समोर कुणी बघायला नसलं तरी.

ठरवलं ते असं. ३० एप्रिलपर्यंत नवा कपडा घ्यायचा नाही. लागलाच तर दुसऱ्या कुणीतरी वापरलेला घ्यायचा. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आहे. कपडा घातला की त्याच्या नावापुढे एक रेघ ओढायची. आणि घरातून बाहेर जाणारा कपडा कुठे जाणार हे कळल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही.

९ जानेवारी

नकोशा ढिगात २२ कपडे आहेत. एरवी ते पिशवीत भरून कपडे गोळा करणाऱ्या पेटीत टाकले असते आणि चांगलं काम केल्यासारखं वाटलं असतं. या वेळी हात थांबला. या महिन्याच्या १ आणि २ तारखेच्या मधल्या रात्री घानाची राजधानी अक्रा इथला कांतामांतो बाजार जळाला. जुन्या कपड्यांच्या जगातल्या मोठ्या बाजारांपैकी तो एक. तिथे काम करणाऱ्या ओआर फाउंडेशनचा अंदाज आहे की त्या बाजारात आठवड्याला सुमारे दीड कोटी कपडे येतात. विक्रेत्यांना घट्ट बांधलेला गठ्ठा न उघडताच विकत घ्यावा लागतो. चांगले कपडे निघाले तर कमाई. फाटके, डागाळलेले निघाले तर तोटा विक्रेत्याचा आणि कचरा त्या शहराचा. तिथल्या अकान भाषेत या कपड्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. इतके कपडे कुणी जिवंतपणी टाकून देईल असं वाटलंच नसणार, असा त्या नावामागचा अर्थ सांगतात.

माझ्या २२ पैकी ज्यांची शिवण उसवली आहे, काखेत डाग आहेत, ते अशाच कुठल्यातरी गठ्ठ्यात गेले असते. मी ज्याला दान म्हणत होते ते म्हणजे आपला निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालणं होतं.

युरोपीय महासंघातल्या देशांवर या १ जानेवारीपासून टाकाऊ कापड वेगळं गोळा करण्याचं बंधन आलं आहे. त्याचं मला बरं वाटलं. पण गोळा झालेल्या कापडाचं पुन्हा कापडच होतं असं नाही. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात म्हटलं होतं की कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. कारण साधं आहे. कापड यंत्रात ओरबाडून मोकळं केलं की तंतू तुटतात, आखूड होतात आणि आखूड तंतूंचं सूत कमजोर निघतं. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या बॅटली इथे १८१३ साली बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचं सूत काढायची रीत बसवली, तेव्हा त्यालाही त्यात नवी लोकर मिसळावी लागली होती. त्यात आता एकाच धाग्यात कापूस आणि पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. ते वेगळं करणं फार अवघड.

म्हणून २२ ची वाटणी अशी केली: सहा कपडे ओळखीतल्या ज्यांनी मापं विचारून मागितले त्यांना. सात कापून पुसायची फडकी. नऊ दुरुस्तीला, माझ्याचकडे.

१५ जानेवारी

घरी बसून काम करताना कपडा कुठे झिजतो हे आज नीट पाहिलं. बाहेर जाताना पायांचे काठ, खांदे (बॅगेचे पट्टे) आणि काखा आधी जातात. माझ्या कपड्यांत उजवं कोपर विरलं आहे, कारण माऊस धरताना ते टेबलाच्या कडेवर घासतं. पँट्स बसायच्या जागी चकाकायला लागल्या आहेत. मनगटाजवळ बाहीला लॅपटॉपच्या कडेने गोळे आले आहेत. म्हणजे वापरलेला कपडा घेताना मी नेमकं कुठे बघायचं, हे माझ्या खुर्चीनेच सांगितलं. कोपर उजेडासमोर धरायचं. पलीकडचं दिसलं तर घ्यायचं नाही.

टेबलाच्या कडेला जुन्या टॉवेलची घडी टाचली आहे. कोपराला लगेच फरक जाणवला.

२२ जानेवारी

पहिली खरेदी: करड्या रंगाचा विणलेला स्वेटर आणि निळा सुती शर्ट. दोन्ही वापरलेले, दोन वेगवेगळ्या माणसांकडून.

साइजचं लेबल बघून निवडायचं नाही, एवढं या वेळी कटाक्षाने पाळलं. एकाच अक्षराच्या साइजची मापं कंपनीगणिक बदलतात, आणि वापरलेला कपडा धुतल्यावर आटलेला किंवा सैल झालेला असतो. म्हणून माझा सगळ्यात नीट बसणारा शर्ट टेबलावर पसरला आणि टेपने मापं घेतली: एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत, कॉलरच्या मुळापासून खालपर्यंत आणि बाहीची लांबी. हीच चार मापं विकणाऱ्यांकडे मागितली. दोघांनी एका तासात पाठवली. स्वेटरवाल्यांनी कोपराचा जवळून काढलेला फोटोही न मागता दिला.

शर्टाचं कापड मऊ पडलं आहे, खिशाजवळ रंग उतरला आहे. कॉलर मात्र बाकी शर्टापेक्षा पुष्कळ ताजी दिसते.

२५ जानेवारी

स्वेटर आला. पाठीवर, खाली, तीन छोटी भोकं. फोटोत नव्हती. कसर लागलेली दिसते.

लेबल कापलेलं असल्यामुळे लोकर आहे की ॲक्रिलिक तेही कळेना. आतल्या शिवणीतून बोटाएवढा धागा काढला, चिमट्यात धरून बेसिनवर पेटवला. जळक्या केसांचा वास आला, ज्योत आपोआप विझली, उरलेली काळी राख बोटांत चुरली. म्हणजे लोकर. कृत्रिम धागा असता तर वितळून कडक मणी झाला असता. शर्टाचाही एक धागा जाळला. कागद जळल्यासारखा वास आणि हलकी करडी राख. सूतच.

कपडे खाते ती कसरीची अळी. उडणारं पाखरू काही खात नाही. पाखरू दिसलं नाही म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, अंडी विणीत असू शकतात आणि ती माझ्या इतर लोकरी कपड्यांत गेली तर कपाटच हातचं जाईल. स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत घातला, हवा दाबून काढली, तोंड घट्ट बांधलं आणि फ्रीजरमध्ये ठेवला. उणे १८ अंशांना दोन आठवडे, ही वस्तुसंग्रहालयांत पाळली जाणारी मुदत आहे. बाहेर काढल्यावरही पिशवी लगेच उघडायची नाही. आतला कपडा खोलीइतका उबदार होऊ द्यायचा, नाहीतर त्यावर दव धरतं.

विकणाऱ्यांना भोकांचं कळवलं. त्यांनी माफी मागितली, पैसे परत घ्या म्हणाले. मी नको म्हटलं. भोकं बुजवता येतील, आणि परत पाठवला तर त्या स्वेटरचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही.

११ फेब्रुवारी

दुरुस्तीच्या नऊंपैकी पाच झाले. बटणं, दोन काजं, एक उसवलेली काख.

बारीक रेघांचा शर्ट आज मीटिंगला घातला, तर पडद्यावर त्या रेघा सळसळायला लागल्या, पाण्यावर लाटा उठाव्या तशा. कॅमेऱ्याच्या आतली ठिपक्यांची जाळी आणि कापडावरच्या रेघा एकमेकींवर पडल्या की अशी तिसरीच नक्षी उमटते. समोरच्याला त्रास होतो. तो शर्ट कॅमेरा नसलेल्या दिवसांसाठी.

१९ फेब्रुवारी

आजची नोंद लिहायला जड जातं आहे.

गेल्या नऊ दिवसांत मी चार कपडे घेतले. चारही वापरलेले, म्हणजे नियम मोडला नाही. पण काल रात्री अकरा वाजता चौथ्याचे पैसे भरताना लक्षात आलं की हात अगदी पूर्वीसारखाच चालला आहे. तोच फोन, तीच दोन मीटिंगांमधली पाच मिनिटं, तेच ‘हे दुसरं कुणी घेऊन टाकेल’ असं वाटणं. उलट आता मन आवरत नव्हतं, कारण जुनाच तर आहे, कुणाचं काय जातं, असं म्हणायची सोय झाली होती.

जातं ना. एकेक कपडा वेगळ्या पिशवीत बांधून दूरवरून येतो. ज्याने विकला त्याच्या कपाटात जागा झाली आणि माझ्याच पैशांतून तो नवा कपडा घ्यायला मोकळा झाला. वापरलेला कपडा घेतल्याने जगाचं ओझं हलकं होतं ते एकाच अटीवर: तो नव्याच्या जागी आला पाहिजे. माझ्या या चारांपैकी दोन कुणाच्याच जागी आलेले नाहीत. ते नुसते आले आहेत.

नियम वाढवला. कपडा आवडला तर त्याचं वर्णन कागदावर लिहायचं, आणि त्याच्या पुढे हा कुठल्या रिकाम्या जागेसाठी आहे ते लिहायचं. दहा दिवस थांबायचं. तोवर विकला गेला तर ज्याला मिळाला त्याला मिळाला. फोनवरची सगळी खरेदीची ॲपं काढली. बघायचं ते लॅपटॉपवर, काम संपल्यावर.

२ मार्च, रविवार

ताई आली होती. स्वेटर तिच्यासमोर ठेवला. लहानपणी तिनेच मला शिवण शिकवली होती, पण विणलेल्या कपड्याचं रफू मी कधी केलं नव्हतं.

भोकाखाली काहीतरी गोल, गुळगुळीत लागतं. लाकडी चेंडू घेतला. जवळचा करडा धागा मिळाला नाही, थोडा गडद मिळाला. आधी भोकाच्या कडेच्या सुटलेल्या टाक्यांतून धागा फिरवून ते धरून ठेवले, मग चांगल्या विणीपासून सुरुवात करून उभे धागे टाकले, भोकावरून पलीकडच्या चांगल्या विणीपर्यंत. मग आडवा धागा, एक वरून एक खालून. मी प्रत्येक फेरीला ओढत होते.

“अगं, ओढू नकोस. दोरा नुसता बसव. लोकरीला ताणायला जागा हवी ना, नाहीतर धुतल्यावर तिथेच चुणी पडेल.”

“पण सैल दिसतंय, ताई.”

“दिसू दे. दोन धुण्यांत बसतं.”

पहिल्या भोकाला पाऊण तास, तिसऱ्याला वीस मिनिटं. गडद धाग्यामुळे तीन ठिपके स्पष्ट दिसतात. ताईला ते झाकावेत असं वाटत होतं. मला ते आवडले. जाताना फेब्रुवारीतल्या चारांपैकी एक कुर्ता तिने मागून घेतला, तिला तो माझ्यापेक्षा नीट बसतो.

दुरुस्तीने खरंच काय साधतं, हा प्रश्न मनात होताच. ब्रिटनमधल्या रॅप या संस्थेने २०१२ साली हिशोब मांडला होता: तिथे कपडा सरासरी २.२ वर्षं वापरला जातो, तो आणखी नऊ महिने वापरला तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचऱ्याचा भार प्रत्येकी २० ते ३० टक्क्यांनी उतरतो. पाऊण तासाचं रफू आणि नऊ महिने. हे प्रमाण मला फार आशादायक वाटतं.

१६ मार्च

धुणं कमी केलं. खुर्चीत बसून घाम येत नाही. शर्ट एकदा घातला की टोपलीत, ही सवय प्रवासाच्या दिवसांतली होती. आता संध्याकाळी हँगरवर लावून खिडकीत टांगते, तीन-चार वेळा घालून मग धुते. कृत्रिम कापड तर शक्य तितकं कमी. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की ६ किलो ॲक्रिलिक कपडे एकदा धुतले तर सात लाखांहून जास्त तंतू पाण्यात सुटू शकतात. धुवायचंच झालं तर थंड पाणी, भरलेलं यंत्र. अर्ध्या भरलेल्या यंत्रात कपडे एकमेकांवर जास्त आपटतात.

लोकर हातानेच. तिच्या तंतूंवर खवले असतात; गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमदा होतो.

५ एप्रिल

फेब्रुवारीतल्या चारांपैकी काळी ताणदार पँट फडक्यांत गेली. अर्धा तास बसलं की गुडघ्यावर कापड फुगतं आणि उभं राहिलं तरी पूर्ववत होत नाही. इलॅस्टेन (कापड ताणलं जावं म्हणून घालतात तो कृत्रिम धागा) १९५८ मध्ये शोधलं गेलं, आणि आता बहुतेक ‘आरामशीर’ कपड्यांत ते थोडं तरी असतं. उष्णतेने आणि ब्लीचने ते मरतं. आधीच्या घरी गरम हवेत वाळवली असणार. फोटोत हे कळूच शकत नाही. पुढच्यासाठी: ताणदार कपडा हातात घेऊन, ओढून, सोडून पाहिल्याशिवाय वापरलेला घ्यायचा नाही. त्या पँटबरोबर फेब्रुवारीतला पातळ टॉपही गेला. पहिल्याच धुण्यात खांद्यावर फाटला.

२४ एप्रिल

आज बारा वर्षं झाली. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावार इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आत कपड्यांचे पाच कारखाने होते. १,१३४ माणसं गेली, जखमी अडीच हजारांच्या आसपास. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची दुकानं आणि बँक बंद ठेवली गेली. शिवणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं.

निळ्या शर्टाचं लेबल आज पुन्हा वाचलं. देशाचं नाव, कापडाची टक्केवारी, धुण्याच्या खुणा. हा शर्ट ज्यांच्या हातून गेला त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. मी तो वापरलेला घेतला म्हणून त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. त्यांची मजुरी, मिळाली असेल तेवढी, केव्हाच मिळून गेली. माझ्या प्रकल्पाची ही मर्यादा आहे आणि ती मला लपवायची नाही. वापरलेला कपडा कचऱ्याचा आणि पाण्याचा प्रश्न थोडा सैल करतो, शिवणाऱ्याच्या मजुरीला हातही लावत नाही.

‘मग सगळ्यांनी नवं घेणंच थांबवावं’ असंही मला म्हणवत नाही. २०२० च्या मार्चमध्ये लोक घरात बसले, कपड्यांची विक्री थांबली, आणि खरेदीदार कंपन्यांनी बांगलादेशातल्या कारखान्यांच्या ऑर्डरी भराभर रद्द केल्या किंवा थांबवल्या. तिथल्या निर्यातदारांच्या संघटनेने तो आकडा तीन अब्ज डॉलरच्या वर सांगितला. त्यातला कितीतरी माल शिवून तयार होता. घरून काम करण्याची जी मोकळीक पुढे मला मिळाली, तिच्या सुरुवातीलाच कुणाचा तरी महिन्याचा पगार बुडाला होता. ज्यांनी माल मागवला, जबाबदारी त्यांची होती. पण माझं घरात बसणं त्या साखळीच्या बाहेर नव्हतं.

राणा प्लाझानंतर महिन्याभरातच, मे २०१३ मध्ये, कारखान्यांच्या आगीपासूनच्या आणि इमारतींच्या सुरक्षिततेचा करार झाला. कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात, कायद्याने बांधणारा. २०२१ पासून तो आंतरराष्ट्रीय करार म्हणून पुढे चालू आहे आणि सह्या करणाऱ्या कंपन्यांची यादी सगळ्यांना बघता येते. आतले कपडे आणि मोजे मला नवेच घ्यावे लागणार. ते घेताना आधी ही यादी बघायची. यादीत नसलेल्या ज्या दोन कंपन्यांचे मोजे मी आजवर घेत आले, त्यांना आज पत्र लिहिलं: तुम्ही सही का केली नाही?

३० एप्रिल

मुदत संपली. कपाटात ६३ कपडे. जानेवारीपासून एकदा तरी घातलेले ४१. सगळ्यात जास्त रेघा स्वेटरपुढे, २७. मग थंडी गेली म्हणून थांबल्या. निळा शर्ट २४. नवी खरेदी शून्य. वापरलेले सहा घेतले, त्यांतले तीन उरले.

एकही रेघ नसलेले २२ कपडे अजून आहेत. त्यांचं काय करायचं ते आज ठरवणार नाही. कागद दारावर तसाच राहू दे.

दोन पत्रांपैकी एकाचं उत्तर आलं. छापील मजकूर, प्रश्नाचं उत्तर नाही. पुन्हा लिहिलं.

४ मे, रविवार

निळ्या शर्टाची कॉलर घडीवर विरली, पांढरे धागे बाहेर आले. कॉलर उलटवायचं ठरवलं: पट्टीतून उसवायची, फिरवून चांगली बाजू वर आणायची, पुन्हा शिवायची. बारीक कात्रीने टाके काढत गेले, कॉलर हातात आली, पालथी केली.

खालची बाजूही विरलेली. मी ती कधी निरखून पाहिली नव्हती. घडीवर बारीक रफू, निळ्याच दोऱ्याचं, इतकं सफाईदार की बोट फिरवल्यावरच कळावं. पट्टीत जुन्या टाक्यांची दुसरी ओळ. ही कॉलर एकदा उलटवून झालेली आहे. माझ्या आधी कुणीतरी याच शर्टासाठी अशीच बसली किंवा बसला होता.

तिसरी बाजू नाही. कॉलर बाजूला ठेवली, पट्टीची तोंडं आत दुमडून वरून टीप मारली. आता तो बिनकॉलरचा, उभ्या पट्टीचा शर्ट झाला आहे. त्या माणसाचं रफू कापून टाकवेना. कॉलर सुयांच्या डब्यात ठेवली आहे. शर्टाला इस्त्री झाली. उद्या दहाच्या मीटिंगला घालणार.